बीअर, हातभट्टी आणि आपले काही मजेशीर समज

— ऊस विकास अधिकारी, शेवगाव गट



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेऊन आपल्या भेटीस येतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. त्याला निमित्तही तसेच घडले.

गेल्या हंगामात गाळप सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. आम्ही शेवगावच्या गट ऑफिसात ऊसनोंदीच्या याद्या तपासत बसलो होतो. इतक्यात घोटणकडचे एक जुने सभासद काठी टेकीत आत आले. पाणी प्यायले, आपल्या प्लॉटची तोड कधी लागते याची चौकशी केली, आणि मग खुर्ची जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक इचारू का? रागवायचं नाही."

"विचारा की तात्या."

"दिवाळीला सभासदाला सवलतीत साखर देता, तशा दोन-चार बाटल्या बियर नाही का देता यायच्या?"

आमचे क्लार्क लिहिता लिहिता थांबले. तात्या माळकरी माणूस. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. आमचे चेहरे पाहून त्यांनीच खुलासा केला, "मला शौक नाही हो. मुतखडा झालाय. जो भेटंल तो म्हणतोय, रोज एक बाटली घ्या, खडा इरघळून जातो. माळ काढून ठेवावी का काय, याच इचारात हाये. आन् आपल्याच उसाची असल्यावर बाहेर कशाला पैसे घालायचे?"

तात्यांच्या या एका मागणीत तीन गैरसमज होते. पहिला, कारखान्यात बीअर तयार होते. दुसरा, बीअर उसापासून करतात. तिसरा, बीअरने मुतखडा विरघळतो. ते गेल्यावर आम्ही आमच्या ॲग्री ओव्हरसिअर आणि चिटबॉय मंडळींना सहज विचारले, तर प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक नवा समज निघाला. काही पोट धरून हसण्यासारखे, तर काही जिवावर बेतणारे. दोन्ही एकाच पोत्यात भरलेले असतात आणि हसता हसता खोटे तेही खरे वाटू लागते. म्हणून ते निवडून वेगळे करावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही कोणाला पिण्याची शिफारस करीत नाही.

बीअर आपल्या उसाची नव्हे

बीअर होते ती सातूपासून. सातूचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात. मोड आले की दाण्यातील पिठाची साखर करणारे द्रव्य तयार होते. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना घरातील बायामंडळी हेच करतात. हे मोडाचे दाणे वाळवून भरडतात, गरम पाण्यात ठेवून त्यातील गोडी काढून घेतात, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात, आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट म्हणजे किण्व सोडतात. यीस्ट ती साखर खाते, अल्कोहोल आणि कर्बवायू तयार करते. बीअरचा फेस तो या वायूचा. बीअर गाळतात, पण तिची वाफ करून ती पुन्हा थंड करीत नाहीत. म्हणजे बीअर भट्टीवरची नव्हे.

या यीस्टची गंमत अशी की हजारो वर्षे माणसाने त्याच्याकडून काम करून घेतले, पण ते आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात १५१६ साली एक प्रसिद्ध हुकूम निघाला, की बीअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये. त्यात यीस्टचे नाव नाही. फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८५७ पासून आंबवणावर काम केले आणि १८७६ मध्ये बीअरवरच ग्रंथ लिहिला. आंबवण हा जिवंत सूक्ष्म जीवांचा उद्योग आहे, हे त्याने पटवून दिले. तेव्हा गैरसमज हे काही आपल्याच गावाचे भांडवल नाही.

आता आपल्या कारखान्याकडे वळू. साखर काढून झाल्यावर जो काळा दाट पाक उरतो ते मोलॅसिस. कागदोपत्री त्याला मळी म्हणतात, आणि आपण शेतात टाकतो त्या प्रेसमडलाही मळीच म्हणतो. त्यामुळे "मळीची दारू होते" हे ऐकून एका सभासदाने प्रेसमडची ट्रॉली गोठ्यामागे रिकामी न करता चुलत्याच्या शेतात नेऊन टाकली होती. घरात वारकरी मंडळी, उगीच बोल नको म्हणून! तर प्रेसमडची दारू होत नाही, मोलॅसिसची होते. एक टन उसापासून साधारण ४० ते ४५ किलो मोलॅसिस मिळते, आणि एक टन मोलॅसिसपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल निघते. त्यासाठी मोलॅसिस पाण्यात पातळ करून यीस्टने आंबवतात आणि उभ्या स्तंभांतून त्याचे ऊर्ध्वपातन करतात. हे काम आसवनीचे म्हणजे डिस्टिलरीचे. तेथून बाहेर पडते ते स्पिरिट किंवा इथेनॉल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास आपल्याकडे २००३ साली पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. यात बीअरचा कोठेही संबंध येत नाही.

उलट व्हिस्कीची कथा ऐका. लोक समजतात व्हिस्की म्हणजे परदेशी धान्याची. पण आपल्या देशात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मालातील मूळ स्पिरिट मोलॅसिसचेच असते. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी असा नियम असल्याने असला माल तिकडे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. म्हणजे ज्या बाटलीला आपण साहेबाची समजतो ती आपल्या बांधावरची, आणि जिला आपली समजतो ती सातूची.

जाता जाता एक सूचना. आंबवणाची टाकी खदखदते तेव्हा ती उकळत नसते, तो कर्बवायू असतो. शंभर किलो साध्या साखरेतून फार तर ५१ किलो अल्कोहोल होते आणि बाकीचा जवळजवळ ४९ किलो हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, टाकीत तळाशी साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. मोलॅसिसची टाकी असो, गोबरगॅसचा खड्डा असो वा बंद विहीर असो, आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्या मागोमाग उतरू नये. असे उतरणारेही आतच राहतात.

उतारा पाहावा, बाटली पाहू नये

"बियर म्हणजे काय दारू आहे का साहेब? थंड पाणी ते!" हे वाक्य आम्ही ट्रॅक्टरवाल्या तरुण पोरांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही.

आपण ऊस उत्पादक आहोत. नुसत्या टनेजवर साखर ठरत नाही, रिकव्हरीही पाहावी लागते, हे आपल्याला सांगायला नको. तोच हिशेब येथे लावा. बीअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. 'स्ट्राँग' म्हणून विकतात तीत अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत असते. ६५० चे आठ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आता व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घ्या. तीत अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे २६ मिलिलिटर. तेव्हा स्ट्राँग बीअरची एक बाटली बरोबर दोन मोठे पेग. पाच टक्क्यांची सौम्य बीअर घेतली तरी बाटलीमागे साडेबत्तीस मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या पेगाहून जास्तच. टनेज मोठे म्हणून उतारा कमी वाटतो, पण साखर पोत्यात तेवढीच पडते.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालविणे गुन्हा आहे. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने एक स्ट्राँग बाटली रिकामी केली तर तो या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. अल्कोहोलचा निपटारा लिव्हर करते आणि तिची चाल ठरलेली असते. एक बाटली पुरती उतरायला पाच-सहा तास लागतात. लिंबू चोखा, ताक प्या, कडक चहा घ्या, डोक्यावर बादली ओता, त्या चालीत फरक पडत नाही. चहाने झोप उडते, अल्कोहोल उडत नाही. म्हणजे पूर्वी झोपलेला झिंगलेला माणूस असतो, त्याचा आता जागा असलेला झिंगलेला माणूस होतो.

हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, अशा स्थितीत आपलीच मुले ऊस वाहतात. समोरून मोटारसायकलवर येणाराही आपलाच कोणीतरी असतो. "फक्त बियरच घेतली होती" ही सबब तेव्हा कोणाच्या उपयोगाची नसते.

मुतखडा आणि सातूचे पाणी

आता तात्यांच्या खड्याचे बघू. या समजाचे मूळ आम्हांस असे दिसते, की सातूचे पाणी लघवीला साफ असते असे आपल्याकडे पूर्वीपासून मानतात. बीअर सातूची, तेव्हा बीअर म्हणजे महागाचे सातूचे पाणी, असा सरळ हिशेब लोकांनी केला. शिवाय बीअर प्यायल्यावर लघवीला वारंवार जावे लागते हा तर अनुभवच. तेव्हा खडा वाहून जाणार यात शंका ती काय!

आम्ही डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, तयार झालेला खडा बीअरने विरघळत नाही. लघवी जास्त होते ती अल्कोहोलमुळे, आणि त्यात शरीरातील पाणी जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जीभ कोरडी पडते. ज्याला मुतखड्याची खोड आहे त्याच्या शरीरात पाणी कमी पडणे हेच तर वाईट. शिवाय बीअरमुळे रक्तातील युरिक ॲसिड वाढते. त्याने सांधे धरतात, आणि काही खडे तर युरिक ॲसिडचेच असतात. म्हणजे खड्याला पाहुणा घालवायला बोलावले आणि तो खड्याचाच मेहुणा निघाला.

लहान खडे भरपूर पाणी प्यायल्याने पुष्कळदा आपोआप पडतात. बीअर पिणाऱ्याचा खडा पडला की बीअरचे नाव होते, पाणी पिणाऱ्याचा पडला की पाण्याचे नाव कोणी घेत नाही. पाणी फुकट असते हाच त्याचा दोष. खडा मोठा असेल, ताप येत असेल, लघवी अडली असेल, तर बाटलीच्या नादी न लागता दवाखाना गाठावा.

पिकाला पाजलेली दारू

हा विषय आमच्या खात्याचा. कपाशीला पाते लागत नाही, तुरीला फूल टिकत नाही, कांदा फुगत नाही, की कोणीतरी सुचवतो, "पंपात देशीची एक क्वार्टर टाका." मराठवाड्यात, खानदेशात, आमच्याकडेही असे प्रयोग करणारे आहेत. दहिगावकडे एका हौशी सभासदाने उसावर बीअर फवारली. आठ दिवसांनी आम्हांस मुद्दाम बोलावून म्हणाला, "बघा साहेब, पानाला कशी तकाकी आलीय." आम्ही पाहिले. मधल्या काळात दोन पाऊस झाले होते आणि युरियाचा हप्ताही पडला होता. आम्ही विचारले, शेजारच्या चार सऱ्या न फवारता सोडल्या होत्या का? तो म्हणाला, "नाही, सगळ्यांना सारखं दिलं. भेदभाव नको!"

येथेच तर गोम आहे. न फवारलेल्या सऱ्या शेजारी असल्याशिवाय कशाने काय झाले हे कळायचे नाही. अल्कोहोल पानावरून उन्हाबरोबर उडून जाते. पिकाला त्यातून नत्र, स्फुरद, पालाश काही मिळत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत औषध, खत, बुरशीनाशक सर्व काही आहे, दारू नाही. तेवढ्या पैशात सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी होते.

जनावरांबाबत मात्र लोकांचा समज अर्धा खरा आहे. बीअरच्या कारखान्यात सातूची गोडी काढून घेतल्यावर जो ओला चोथा उरतो तो जनावरांना घालतात. त्यात प्रथिने चांगली असतात. हा चोथा आंबवणापूर्वीच वेगळा होत असल्याने त्यात दारू नसते. तेव्हा म्हैस झिंगते, दूध प्यायल्यावर पोर झोपत नाही, या सगळ्या गप्पा. पण तोच चोथा चार दिवस उघड्यावर पडून आंबट झाला, बुरशी आली, तर जनावर आजारी पडते. ताजा, थोडा, आणि वैरणीबरोबर द्यावा.

ऊब, मुरवण आणि घरची भट्टी

रात्रीची लाईट, पौष महिन्यातील थंडी, आणि बारे धरायला उभा माणूस. अशा वेळी "दोन घोट घेतले की ऊब राहते" हे खरेच वाटते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होऊन गरम रक्त वर येते, म्हणून अंग तापल्यासारखे वाटते. पण ती उष्णता बाहेर निघून जात असते. ऊब वाटते आणि अंग आतून गार पडते. त्यात पाय घसरला, स्टार्टरला ओला हात लागला, तर शुद्धीतील माणूसही सावरत नाही. कांबळे आणि शेकोटी याला पर्याय नाही.

दुसरा समज मुरवणाचा. एका सद्गृहस्थांनी मुलाच्या लग्नात पाहुण्यांसाठी म्हणून बीअरच्या बाटल्या तीन वर्षे कणगीमागे जपल्या. "जितकी जुनी तितकी भारी!" लग्नात झाकण काढले तर पाहुण्यांची तोंडे वाकडी झाली. बीअर नाशवंत आहे, तिच्यावर मुदत छापलेली असते. उजेडाने ती बिघडते म्हणून तर बाटली तपकिरी असते. व्हिस्की मुरते तीसुद्धा लाकडी पिंपात. बाटलीत भरल्यावर ती आहे तशीच राहते.

पुण्याला शिकणारी मुले सांगतात, परदेशात लोक घरी बीअर करतात, मग आपण का नाही? खरे आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७९ पासून स्वतःपुरती बीअर घरी करण्यास मोकळीक आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी दारू तयार करणे, मग ती स्वतःपुरती का असेना, गुन्हा आहे. मोलॅसिसवरही राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते. "घरच्या घरी, कोणाला विकत नाही" असे सांगून सुटका होत नाही.

पहिल्या धारेची

येथवर आपण हसत आलो. यापुढचे मात्र जपून वाचावे.

हातभट्टीबद्दल तीन समज आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. एक, पहिल्या धारेची सर्वांत चांगली. हा समज तर आपल्या बोलण्यातच मुरला आहे, चांगल्या कडक मालाला आपण कौतुकाने तसेच म्हणतो. ती कडक असते हे खरे, पण चांगली नसते. कमी उष्णतेवर उडणारी नको ती द्रव्ये आधी बाहेर पडतात. रीतसर चालणाऱ्या आसवनीत असा सुरुवातीचा भाग वेगळा काढतात. आपल्याकडे तो मानाच्या पाहुण्याला देतात.

दुसरा समज काडीचा. थेंबाला काडी लावली, निळी ज्योत आली, म्हणजे माल अस्सल. पिण्याचे अल्कोहोल ते इथाइल. त्याचा चुलत भाऊ मिथाइल, जो कारखान्यांत रंग, वार्निश, रसायने यांसाठी वापरतात. हा विषारी असतो, आणि तोही निळाच जळतो. चवीने, वासाने, काडीने दोघांतला फरक घरी कळत नाही. तिसरा समज नवसागराचा. काळा गूळ आणि नवसागर हे हातभट्टीचे नेहमीचे सामान. नवसागराने कैफ वाढतो असे म्हणतात. खरे तर त्यातून यीस्टला नत्र मिळते, उसाला युरिया देतो तसे. कैफ त्यात नाही. पण 'कडक' करण्याच्या नादात त्या रसायनात काय काय टाकले जाते ते पाहिले तर पिणाराही पुढचा फुगा फोडणार नाही.

गुळाच्या किंवा मोलॅसिसच्या आंबवणात मिथाइल अल्कोहोल फार थोडे होते. माणसे पटापट मरतात ती बहुधा कोणीतरी कारखान्यातील मिथाइल मिसळल्यामुळे. मुंबईत मालाडच्या मालवणी भागात २०१५ च्या जून महिन्यात अशाच विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मुंबई लांब वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. २०१७ च्या फेब्रुवारीत नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या दिवसांत दारू पिऊन अनेक कर्ती माणसे दगावली. बसमध्ये बसून जाता येईल इतके हे गाव जवळ आहे.

आता आमच्या डोळ्यांसमोर घडलेले सांगतो. पंधराएक वर्षे झाली. जानेवारीचा महिना. सकाळी तोडीच्या प्लॉटवर गेलो असता टोळीतला एक गडी बांधावर बसून होता. आम्ही विचारले, काय रे, कोयता खाली का? तो म्हणाला, "साहेब, आज धुकं लई दाट पडलंय. ऊस दिसंना." ऊन चांगले कासराभर वर आले होते. आभाळ स्वच्छ होते. सगळे हसले. "रातची उतरली नाही अजून," असे कोणीतरी म्हणाले. त्याला ताक पाजले, कोपीत नेऊन निजवले. आम्हीही त्या हसण्यात होतो, हे येथे लपवीत नाही.

दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तेव्हा जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. जीव वाचला, डोळे वाचले नाहीत. मिथाइल अल्कोहोलचे शरीरात फॉर्मिक ॲसिड होते आणि ते डोळ्याची नस मारते. धुके दिसणे, बर्फ पडल्यासारखे दिसणे हीच त्याची खूण आहे, हे आम्हांस त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले. लवकर आणले असते तर, असे म्हणून ते थांबले. पुढच्या हंगामात मुकादमाच्या यादीत नवरा-बायकोचा तो कोयता नव्हता.

म्हणून प्रत्येक सभासदाने, मुकादमाने, ट्रॅक्टरवाल्याने एवढे ध्यानात ठेवावे. विषारी दारूचा परिणाम लगेच दिसत नाही. बारा ते चोवीस तासांनीही दिसतो. "काल सगळ्यांनी घेतली, कोणाला काही झालं नाही," हा भरवसा खोटा. प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोटात कळा, उलट्या, जोराचा श्वास, गुंगी यांतले काही झाले, तर ती "उतरत नाही" असे समजू नये. ताक, लिंबू, झोप यांत एक तासही घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि मोठा दवाखाना गाठावा. त्याच्याबरोबर जे जे प्यायले असतील त्या सर्वांना, बरे वाटत असले तरी, दाखवावे. दवाखान्यात या विषावर उतारा देता येतो, डायलिसिस करता येते. पोलिसांच्या भीतीने दारूची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. काय प्यायला हे कळले तरच उपचार नेमका होतो.

शेवटचा समज

एक समज खास आपला, म्हणून शेवटी ठेवला. काही सभासद म्हणतात, तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला तर काय बिघडले? चावून पाहा, उलट गोड लागतो. आणि साखर कमी झाली तरी मोलॅसिस वाढते, डिस्टिलरीचा फायदाच!

शिळा ऊस गोड लागतो कारण त्यातले पाणी आटलेले असते. ते आपले वजन गेले. आत साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होते. ते जिभेला गोड, पण त्याचा दाणा बनत नाही. जोडीला सूक्ष्म जीव उसात शिरून रस चिकट करतात. म्हणजे यीस्टला जे काम टाकीत करायला सांगतो, तसलेच काम त्याचे भाऊबंद फुकटात आपल्या फडात करतात, आणि आपली रिकव्हरी खातात. दर ठरतो रिकव्हरीवर, मोलॅसिसवर नव्हे. तेव्हा तोड आणि वाहतूक यांचा मेळ घालून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडेल असे पाहावे, ही आमची नेहमीची विनंती येथेही करून ठेवतो.

तात्या परवा पुन्हा ऑफिसात आले होते. डॉक्टरांनी रोज तीन लिटर पाणी सांगितले आहे, तांब्या बरोबरच घेऊन फिरतात. माळ गळ्यात होती. आम्ही म्हणालो, "बरं झालं तात्या, बीअर काही मिळाली नाही."

"जाऊ द्या ती बियर," तात्या म्हणाले, "दिवाळीची साखर तेवढी येळेवर द्या."

आपला,
ऊस विकास अधिकारी